कलाकार आणि वस्ती यांच्या संयुक्त कलाप्रकल्पासाठी अनुदान कसे मागावे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

इंदूरमधून कलाप्रकल्पांच्या अनुदानासाठी जे अर्ज जातात, त्यांत कल्पनांची उणीव क्वचितच असते. अडते ते क्रमापाशी. जाहिरात दिसते, मुदतीला आठ-दहा दिवस उरलेले असतात, एक-दोन कलाकार बसून प्रस्ताव लिहितात आणि ‘स्थानिक समुदायाच्या सहभागातून’ असे शब्द त्यात घालतात. तो समुदाय कोणता, हे मंजुरी आल्यावर शोधले जाते. असा अर्ज परीक्षकाला दुसऱ्या पानावर ओळखू येतो. चुकून मंजूर झालाच, तर प्रकल्प वस्तीत पाऊल टाकल्या दिवसापासून अडखळतो. म्हणून पुढे दिलेल्या टप्प्यांत प्रस्तावाचे लेखन सातव्या क्रमांकावर आहे आणि ते तिथेच राहू द्यावे.

समजायला सोपे जावे म्हणून सर्व टप्प्यांसाठी एकच काल्पनिक उदाहरण घेतले आहे. रामबागेतील दोन चित्रकारांना परदेशीपुऱ्यातील झांकी (मिरवणुकीतील हलता देखावा) घडवणाऱ्या कारागिरांबरोबर आणि जुन्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांबरोबर काम करायचे आहे. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ज्या तंत्राने हलती दृश्ये उभी राहतात, त्याच तंत्राने गिरणीतील पाळी, चाळीतील घर आणि गिरणी बंद झाल्यानंतरची वर्षे यांवर लहान हलती दृश्ये तयार करून ती गल्लीतच मांडायची, असा प्रकल्प आहे.

टप्पा १. वस्तीबरोबर पहिल्या बैठका

पहिली भेट कोणाची घ्यायची, यावर पुढचे बरेच ठरते. नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष किंवा परिसरातील एखादी वजनदार व्यक्ती यांना भेटावेच लागते, परंतु त्यांचा होकार म्हणजे वस्तीचा होकार असे धरू नये. आपल्या उदाहरणात सांगाडा उभारणारा सुतार, मोटर आणि पट्टे जोडणारा वायरमन, पुतळ्यांना कपडे शिवणाऱ्या स्त्रिया आणि गिरणीत काम केलेली वृद्ध मंडळी, या चारही गटांशी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. एकाच सभेत सर्वांना बसवले की वडीलधारे पुरुष बोलतात आणि बाकीचे ऐकतात. स्त्रियांशी दुपारी, कामे उरकल्यावर, त्यांच्याच ओट्यावर बसून बोलावे, तर कारागिरांना संध्याकाळी काम सुटल्यावर गाठावे.

या बैठकांना छापील आराखडा घेऊन जाऊ नये. छापलेला कागद पाहिला की समोरच्याला वाटते, सगळे ठरलेलेच आहे आणि आपल्याकडून फक्त मान हलवून हवी आहे. तीन गोष्टी विचाराव्यात: या कामात आपल्याला काय करावेसे वाटते, वर्षातील कोणते महिने आणि दिवसातील कोणते तास मोकळे असतात, आणि कामाचा मोबदला किती व कसा मिळावा. तिसरा प्रश्न विचारताना कलाकार संकोचतात. तो न विचारणे हीच मोठी चूक आहे, कारण पुढे अंदाजपत्रकातील सर्वांत महत्त्वाचा आकडा याच उत्तरातून येतो.

प्रत्येक बैठकीची नोंद एका वहीत ठेवावी: तारीख, उपस्थित कोण, काय ठरले, आणि कोणाचा कशाला विरोध होता. विरोधाची नोंद गाळू नये. गिरणी बंद पडल्याच्या आठवणी काही घरांना सर्वांसमोर नको असतील. तसे असेल तर तो विषय वगळण्याचा निर्णय वहीत दिसला पाहिजे. नोंद हिंदीत लिहावी आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवावी. आपण घरी मराठी बोलत असलो, तरी ज्यांच्याबरोबर काम करायचे त्यांच्या भाषेत ही वही असणे आवश्यक आहे.

दोन-तीन बैठकांनंतर पाच ते सात जणांचा एक कार्यगट करावा. त्यात निम्म्याहून अधिक लोक वस्तीतील असावेत आणि काय दाखवायचे, काय नाही, याचा अंतिम निर्णय या गटाकडे असावा. यानंतर अर्जापूर्वीच एक छोटा प्रयोग करून पाहावा: एका दिवसात, उपलब्ध सामानातून, एकच लहान दृश्य. एकत्र काम करताना कोण वेळेवर येतो, जागा पुरते का, विजेचा भार सोसतो का, हे त्या एका दिवसात कळते. त्या प्रयोगाची छायाचित्रे प्रस्तावाला जोडली की सहभागाविषयी चार पाने लिहिण्याची गरज उरत नाही.

*खबरदारी:* ‘अनुदान येणारच आहे’ असे बोलून जाऊ नये. अर्ज नामंजूर होऊ शकतो आणि निकालाला कित्येक महिने लागू शकतात, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.

*तपासणी:* आपण तिथे नसताना वस्तीतील एखादी व्यक्ती हा प्रकल्प शेजाऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगू शकते का? सांगू शकत नसेल, तर आणखी एक बैठक घ्यावी आणि तोवर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २. अर्जदार कोण, हे ठरवणे

अनुदान वस्तीच्या नावावर येत नाही. ते व्यक्तीच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात येते, आणि जिच्या खात्यात येते तिच्यावर हिशेबाची कायदेशीर जबाबदारी पडते. मार्ग तीन आहेत: कलाकाराने वैयक्तिक अर्ज करणे, स्वतःच्या नोंदणीकृत संस्थेतर्फे अर्ज करणे, किंवा आधीपासून काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला अर्जदार करून तिच्याशी लेखी करार करणे.

केवळ या अनुदानासाठी नवी संस्था काढण्याचा मोह आवरावा. केंद्र सरकारच्या बहुतेक योजनांत संस्थेच्या नोंदणीला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, त्यामुळे नवी संस्था लगेच उपयोगी पडत नाही. शहरात मराठी आणि हिंदी सांस्कृतिक संस्था भरपूर आहेत. त्यांपैकी जिची कागदपत्रे चोख आहेत अशी एखादी निवडणे श्रेयस्कर. तिच्याशी करार करताना चार बाबी लिहूनच घ्याव्यात: कलात्मक निर्णय कोणाचे, खर्चाच्या मंजुरीची सही कोणाची, संस्था व्यवस्थापनापोटी किती रक्कम ठेवणार, आणि हप्ता जमा झाल्यापासून किती दिवसांत पैसे प्रकल्पासाठी मोकळे करणार.

संस्थेच्या कागदांची फाइल आधीच तयार असावी. तिच्यात नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, आयकर कायद्याखालील १२ एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) यांची प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरील क्रमांक, रद्द केलेला धनादेश आणि या विशिष्ट अर्जासाठी कार्यकारिणीने केलेला ठराव, एवढे असावे. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेल्या संस्थांनी कलम २७ खाली कार्यकारिणीची वार्षिक यादी आणि कलम २८ खाली लेखापरीक्षित हिशेब निबंधकांकडे दिलेले असावे लागतात. अनेक जुन्या, प्रतिष्ठित संस्थांचे काम नेमके इथेच थकलेले असते, आणि ते मुदतीच्या आठवड्यात निस्तरता येत नाही. १२ एबी नोंदणीलाही मुदत असते आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो.

याच जागी एक बारीक पण त्रासदायक बाब आहे. नोंदणी प्रमाणपत्र हिंदीत असते, पॅनकार्डावर नाव इंग्रजी अक्षरांत असते, बँकेत ते कोणीतरी तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते. ‘समिति’ आणि ‘समिती’, ‘मण्डल’ आणि ‘मंडळ’ या फरकांमुळे इंग्रजी अक्षरे बदलतात आणि ऑनलाइन पडताळणी नाकारली जाते. तिन्ही ठिकाणची नावे एका कागदावर खाली-खाली लिहून, अक्षर अक्षर जुळवून पाहावे. दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

*तपासणी:* संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव बदललेले असतील, तर बँकेतील स्वाक्षऱ्या, दर्पणवरील नावे आणि निबंधकांकडील यादी या तिन्हींत नवी नावे आली आहेत का?

टप्पा ३. देणगीदार निवडणे

एकच प्रस्ताव सर्वांकडे पाठवणे व्यर्थ आहे, कारण प्रत्येक देणगीदाराचा हेतू आणि अर्जदाराविषयीच्या अटी वेगळ्या असतात.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत कार्यक्रम आणि निर्मिती यांसाठीचे अनुदान आहे. ते संस्थांना मिळते, कार्यशाळा, प्रदर्शन, महोत्सव, निर्मिती आणि लहान संशोधन प्रकल्प त्यात बसतात, आणि त्याची सर्वसाधारण मर्यादा ५ लाख रुपये आहे. त्याच मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) दोन वर्षांच्या असून अनुक्रमे दरमहा १० हजार आणि २० हजार रुपयांच्या आहेत. मात्र त्या एका व्यक्तीच्या संशोधनासाठी आहेत. पाच-सात जणांच्या संयुक्त कामाचा प्रस्ताव अधिछात्रवृत्तीच्या नमुन्यात कोंबून पाठवणे ही वारंवार होणारी चूक आहे. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र मध्य प्रदेशासाठीही काम करते, परंतु त्याचा भर कार्यक्रम, कार्यशाळा आणि गुरु-शिष्य प्रशिक्षणावर आहे. तिथे प्रकल्पाचा समारोप किंवा प्रशिक्षणाचा भाग घेऊन जावे, संपूर्ण प्रकल्प नव्हे.

बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खासगी, ना-नफा संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि ती भारतीय नागरिकांना वैयक्तिक स्तरावरही अनुदान देते. इंग्रजीखेरीज अन्य भारतीय भाषांतील प्रस्तावही ती स्वीकारते. प्रयोगशील, प्रश्न विचारणाऱ्या कामाला तिथे वाव आहे, आणि ज्यांच्याकडे संस्था नाही त्यांनी प्रथम तिकडेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत विचार करणाऱ्याने मोडक्या इंग्रजीत अर्ज लिहिण्यापेक्षा मराठीत लिहिलेला अर्ज कितीतरी नेमका उतरतो.

तिसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर). कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावयाची असते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास स्पष्टपणे समाविष्ट आहे. पीथमपूरमध्ये उद्योग असलेल्या कंपन्यांकडे जाताना ही तरतूद पत्रात नमूद करावी. अशा निधीसाठी अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी), १२ एबी आणि ८० जी, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो.

परदेशी देणगीदारांबाबत नियम कडक आहेत. विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या काळात तिने मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच उतरतो.

*खबरदारी:* ‘नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात परदेशी पैसा घेऊ आणि तिथून आपल्या संस्थेकडे वळवू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे हस्तांतरण बेकायदा आहे. मैत्रीखातर तयार झालेल्या संस्थेची नोंदणीसुद्धा यात धोक्यात येते.

टप्पा ४. वेळापत्रक

अर्जात वेळापत्रक कलाकाराच्या सोयीने मांडले जाते आणि वस्तीचे वर्ष विसरले जाते. आपल्या उदाहरणात पावसाळ्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत झांकीचे कारागीर आपल्या हंगामी कामात बुडालेले असतात. त्या काळात कार्यशाळा ठेवणे म्हणजे ती ओस पडणार हे आधीच ठरवणे होय. दिवाळीची पंधरवड्याची धावपळ, परीक्षांचे दिवस, लग्नसराई आणि रंगपंचमीच्या गेरची (रंगांच्या मिरवणुकीची) तयारी हेही वगळावे. मग मोकळे काय उरते? डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुख्य कामासाठी, आणि मार्चच्या आरंभी मांडणी.

यावरून उलटे मोजत यावे. डिसेंबरमध्ये काम सुरू करायचे, तर निकाल ऑक्टोबरपर्यंत हवा, आणि त्यासाठी अर्ज वसंत ऋतूतच गेलेला असावा. पहिला हप्ता लांबतो, असे गृहीत धरून सुरुवातीचा महिना कमी खर्चाच्या कामासाठी ठेवावा: आठवणींचे ध्वनिमुद्रण, रेखाटने, जागेचे माप. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल, तर सार्वजनिक मांडणीची पर्यायी तारीख अर्जातच द्यावी.

टप्पा ५. अंदाजपत्रक

परीक्षक पुष्कळदा प्रस्तावाआधी अंदाजपत्रक वाचतात, आणि ते योग्यच करतात. ‘समान भागीदारी’ असे वर्णनात लिहिलेले असते आणि अंदाजपत्रकात कलाकारांना मानधन, वस्तीला मात्र चहा-नाश्ता दिलेला असतो. भागीदारी खरी आहे की नाही, हे त्या दोन ओळींत उघडे पडते.

उदाहरणाचे अंदाजपत्रक असे होईल. दोन चित्रकारांचे मानधन, दरमहा १५ हजार, चार महिने: १ लाख २० हजार. वस्तीतील सहा कारागीर, प्रत्येकी ४० दिवस, रोज ६०० रुपये: १ लाख ४४ हजार. वस्तीतीलच एक समन्वयक, पाच महिने, दरमहा १० हजार: ५० हजार. लाकूड, मोटरी, पट्टे, दिवे, कापड, रंग: ९० हजार. जागा, वीज आणि चहापाणी: ४६ हजार. स्थानिक प्रवास आणि सामानाची वाहतूक: १८ हजार. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण: ५० हजार. मांडणीचे दिवस, मांडव, ध्वनिव्यवस्था आणि परवानग्या: ४२ हजार. हिशेब आणि लेखापरीक्षण: २० हजार. आकस्मिक खर्च: २० हजार. एकूण ६ लाख रुपये.

यात वस्तीतील माणसांच्या हाती थेट १ लाख ९४ हजार जातात आणि कलाकारांच्या हाती १ लाख २० हजार. अंदाजपत्रक पूर्ण झाले की अशी माणसांनुसार बेरीज करून पाहावी. वस्तूंवरचा खर्च माणसांवरच्या खर्चापेक्षा अधिक झाला असेल, तर प्रकल्पाचे स्वरूपच पुन्हा तपासावे लागेल. रोजंदारीचा दर पहिल्या टप्प्यातील वहीतून यावा आणि तो राज्य सरकारच्या चालू किमान वेतन दरापेक्षा कमी नसावा. कसबी सुतार बाजारात जितके घेतो, त्याहून कमी देऊन ‘ही कलेची सेवा आहे’ असे त्याला सांगणे अन्यायाचे आहे.

प्रत्येक रकमेपुढे ती कशी आली, हे लिहावे: माणसे गुणिले दिवस गुणिले दर. ‘कार्यशाळा खर्च, एकरकमी, १ लाख’ अशी ओळ पाहिली की परीक्षक तिथे सर्वप्रथम कात्री लावतो. साहित्यासाठी जेल रोडसारख्या बाजारातून दोन दुकानांची दरपत्रके घेऊन ठेवावीत.

अनेक सरकारी योजना संपूर्ण खर्च देत नाहीत आणि उरलेला वाटा अर्जदाराला उभा करावा लागतो. तो कोठून येणार, हे आधी ठरवावे. स्वयंसेवी श्रम किंवा फुकट मिळालेली जागा हा वाटा म्हणून धरला जाईलच असे नाही. योजनेची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी शब्दशः वाचावीत. दुसरी अडचण शेवटच्या हप्त्याची. तो बहुधा काम संपून हिशेब दिल्यावरच येतो, म्हणजे तेवढी रक्कम आपल्याला काही महिने फिरवावी लागते. ही तरतूद नसेल तर सर्वांत आधी कारागिरांचे पैसे थकतात, आणि वस्तीतील विश्वास एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. माझा आग्रह असा की कारागिरांचे आणि समन्वयकाचे संपूर्ण पैसे पहिल्या हप्त्यातूनच बाजूला काढावेत. कलाकारांचे मानधन, छायाचित्रण आणि लेखापरीक्षण थांबू शकते.

*तपासणी:* देणगीदाराने मागणीच्या ७० टक्केच रक्कम मंजूर केली, तर काय कमी करायचे हे कार्यगटाने आज ठरवले आहे का? दृश्यांची संख्या कमी करावी, रोजंदारीचा दर कमी करू नये.

टप्पा ६. लेखी समझोते

हा टप्पा बहुतेक जण मंजुरीनंतरवर ढकलतात, आणि भांडणे नेमकी त्यातूनच उद्भवतात. तीन कागद अर्जापूर्वी तयार असावेत.

पहिला, वस्तीच्या कार्यगटाचे सहमतीपत्र. ते सुबक आणि साच्यातले नसावे. काय करणार, कोण करणार, मोबदला काय, हे साध्या हिंदीत एका पानात असावे आणि खाली सह्या किंवा अंगठे असावेत. पाच जणांची पाच सहमतीपत्रे शब्दशः सारखी निघाली, तर ती कलाकारानेच लिहिली आहेत हे परीक्षकाला कळते.

दुसरा, हक्कांविषयीचा. दृश्ये एकत्र घडली, तर त्यांचे श्रेय आणि प्रताधिकार कोणाचे? प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपल्या नावाचे श्रेय मागण्याचा निर्मात्याचा हक्क, बाकीचे हक्क दिल्यानंतरही शिल्लक राहतो. म्हणून कागदात स्पष्ट लिहावे: प्रत्येक प्रदर्शनात कोणती नावे कोणत्या क्रमाने लागतील, एखादे दृश्य विकले गेले तर रक्कम कशी वाटली जाईल, आणि प्रकल्प संपल्यावर मोटरी, सांगाडे व दिवे कोणाकडे राहतील. शेवटच्या बाबीत देणगीदाराची अटही पाहावी, कारण सरकारी अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची विल्हेवाट परवानगीविना लावता येत नाही.

तिसरा, छायाचित्रे आणि मुलाखती यांसाठी व्यक्तिगत संमतीपत्र. मुलांसाठी पालकांची सही घ्यावी. संमती नंतर मागे घेता येईल, ही ओळ त्यात असावी आणि ती खरोखर पाळावी.

टप्पा ७. प्रस्तावाचे लेखन

इथवर आल्यावर लेखन सोपे होते, कारण वही, वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि सहमतीपत्रे समोर असतात. पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी याव्यात: कोण, कोणाबरोबर, कोठे, काय करणार. परंपरेची थोरवी, शहराचा इतिहास आणि कलेचे समाजातील स्थान यांवर शब्द खर्च करू नयेत. परीक्षकाला ते ठाऊक असते.

फरक जवळून पाहावा. ‘या प्रकल्पातून स्थानिक समुदायात कलेविषयी जागृती निर्माण होईल’ हे वाक्य कोणत्याही अर्जात चालेल, म्हणून ते कोणत्याच अर्जात उपयोगी नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘परदेशीपुऱ्यातील सहा कारागीर, जे दरवर्षी झांकीसाठी पौराणिक दृश्ये घडवतात, ते या वेळी प्रथमच स्वतःच्या गल्लीचे दृश्य घडवतील, विषयाची निवड कार्यगट करील आणि चित्रकार त्यांना रेखाटने पुरवतील.’ या वाक्यात निर्णय कोणाचा आणि काम कोणाचे, हे दोन्ही आले आहे. त्यातील ‘जागृती’ या शब्दाची अनुपस्थितीही महत्त्वाची आहे, कारण तो शब्द कारागिराला अडाणी ठरवतो.

अडचणींचा परिच्छेद टाळू नये. वीजपुरवठा, अरुंद गल्ली, विषयाबाबतचे मतभेद यांचा उल्लेख आणि त्यावरचा उपाय वाचून परीक्षकाचा विश्वास वाढतो. मूल्यमापनासाठी उपस्थितांचा फुगवलेला आकडा देऊ नये. किती कारागीर अखेरपर्यंत टिकले, कार्यगटाच्या किती बैठका झाल्या आणि पुढच्या वर्षी वस्तीने काय स्वतःहून केले, हे निकष जास्त बोलके असतात.

*तपासणी:* पूर्ण मसुद्याचा सारांश हिंदीत कार्यगटासमोर वाचून दाखवावा. ‘हे आपण म्हटले नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य काढून टाकावे.

टप्पा ८. अर्ज सादर करणे

मुदतीच्या किमान तीन दिवस आधी अर्ज भरावा, फाइलींचे आकार आणि नमुने आधी तपासावेत, आणि पोचपावतीचा क्रमांक लगेच जपून ठेवावा.

टप्पा ९. मंजुरी आल्यानंतर

मंजुरीचे पत्र पूर्ण वाचावे, विशेषतः कालावधी आणि वगळलेले खर्च. मंजुरीच्या तारखेपूर्वी केलेला खर्च बहुतेक देणगीदार धरत नाहीत, तेव्हा उत्साहाच्या भरात साहित्य आधी खरेदी करू नये. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते असावे. ते शक्य नसेल तर निदान स्वतंत्र खतावणी ठेवावी.

रोजचा रोजमेळ त्याच दिवशी लिहावा. प्रत्येक कारागिरासाठी हजेरीपट असावा आणि पैसे शक्यतो त्याच्या बँक खात्यात जावेत. रोख देणे अटळ असेल तर सहीचे व्हाउचर घ्यावे, आणि एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख देऊ नये, कारण आयकरात तो खर्च अमान्य होतो. कलाकारांचे वार्षिक मानधन ५० हजारांपुढे जात असेल, तर संस्थेला १० टक्के करकपात करावी लागते. ही गोष्ट कलाकाराला आधीच सांगावी, नाहीतर हाती कमी रक्कम आली म्हणून गैरसमज होतो. अंदाजपत्रकातील एका शीर्षकातून दुसऱ्यात पैसे हलवायचे असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी.

सार्वजनिक मांडणीसाठी नगरपालिका निगम आणि पोलीस ठाणे यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि शिक्क्याची प्रत घ्यावी. ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वापरता येत नाही. रात्रीची दिव्यांची मांडणी असेल तर कार्यक्रमाची रचना त्याप्रमाणे करावी, आवाज लवकर संपवून दृश्ये पुढे मूक चालू ठेवता येतात.

*खबरदारी:* प्रकल्प चालू असताना कार्यगटाच्या बैठका थांबतात आणि सर्व निर्णय कलाकारांकडे सरकतात. पंधरा दिवसांतून एक बैठक पक्की ठेवावी आणि त्यात खर्चाचा आकडा सर्वांसमोर वाचावा.

टप्पा १०. उपयोगिता प्रमाणपत्र आणि अहवाल

केंद्र सरकारच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचे प्रमाणपत्र, सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-ए या नमुन्यात द्यावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मर्यादा असते, परंतु पुढचा हप्ता त्यावरच अवलंबून असल्याने ती वाट पाहू नये. अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याज आपले नसते. ते हिशेबात दाखवून परत करावे लागते, आणि खर्च न झालेली रक्कमही परत जाते. सनदी लेखापालाकडे शेवटच्या आठवड्यात पिशवीभर पावत्या घेऊन जाण्याऐवजी दर महिन्याला एकदा कागद दाखवावेत.

हिशेबाबरोबर वर्णनात्मक अहवाल जातो. त्यात ठरवले होते ते आणि प्रत्यक्षात झाले ते, असे दोन्ही सरळ लिहावे. आठ दृश्ये ठरली आणि सहा झाली असतील तर कारणासह सांगावे. देणगीदाराला कारण समजते, लपवाछपवी समजून घेता येत नाही. छायाचित्रांखाली कारागिरांची नावे, त्यांच्या संमतीने, कलाकारांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत असावीत. अहवालाचा हिंदी सारांश आणि खर्चाचे एक पान वस्तीच्या कार्यगटाला द्यावे. ध्वनिमुद्रणांच्या प्रती ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या घरी पोचवाव्यात, आणि पोचल्याची नोंद करून ती वही कार्यगटाच्या ताब्यात द्यावी.